आठशेचा आकडा

सकाळी नऊ वाजता माझ्या टेबलावर आदल्या दिवसाचा प्रॉडक्शन रिपोर्ट येतो. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याचे पार्ट दाबून काढायच्या कारखान्यात, मी २०१३ साली आले, तेव्हा पहिल्या आठवड्यातच त्या कागदावरची एक गंमत डोळ्यांत भरली. ब्रॅकेटच्या लाईनवर तीन पॉवर प्रेस, दोन शिफ्ट, सहा ऑपरेटर. आणि एकेकाच्या नावापुढचे आकडे ८०२, ७९८, ८००, ८०१, ८००, ७९९. सोमवारी तेच, गुरुवारी तेच. एकदा पावसानं सिडकोतले रस्ते तुंबले, निम्मे लोक अर्धा तास उशिरा आले, तरी संध्याकाळी आठशे. त्याआधी नऊ वर्षं मी सातपूरच्या एका कंपनीत टाइम ऑफिसला काढली होती. सहा माणसं एका मिनिटाला गेटवर पोचत नाहीत हे मला पंचिंग कार्डांनी शिकवलेलं. मग सहाही माणसं प्रत्येकी आठशेच पीस कसे काय काढतात?

स्टॉपवॉच घेऊन मशीनपाशी उभी राहिले. पीस उचल, डायमध्ये म्हणजे साच्यात बसव, दोन्ही बटणं दाब, काढ, बिनमध्ये टाक : चोवीस सेकंद. जेवण आणि दोन चहा वजा केले तर शिफ्टमध्ये कामाची ४३० मिनिटं उरतात. म्हणजे हजाराच्या वर पीस आरामात निघायला हवेत. मी उभी होते तोवर चोवीस सेकंद होते, पाठ फिरवली की बत्तीस. हे मला नंतर कळलं, कारण कॉम्प्रेसरच्या आडोशाला उभं राहून मी पुन्हा मोजलं. (हे असलं करू नये. एका हेल्परनं मला पाहिलं आणि पुढचे दोन महिने मी त्या लाईनवर गेले की सगळे एकदम घसा खाकरायचे.)

त्याच काळात माझं मुक्त विद्यापीठाचं एम.बी.ए. चालू होतं. नाशिककरांना गंगापूर धरणाच्या बाजूचा तो हिरवागार परिसर माहीत असतो, पण अर्ध्या एमआयडीसीचं शिक्षण तिथल्या पुस्तकांवर झालंय हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. रविवारी अभ्यास केंद्रावर संपर्क सत्र, आठवडाभर रात्री पोळ्या झाल्यावर पुस्तक. एच.आर.च्या पेपरात ‘कर्मचारी प्रेरणा’ हे प्रकरण वीस मार्कांना हमखास यायचं. मी पाठ करत होते मास्लो, हर्झबर्ग, व्रूम, आणि डोक्यात फिरत होतं आठशे.

मास्लोबद्दल फार लिहीत नाही. माणसाच्या गरजांचा त्याचा तो पाच मजल्यांचा त्रिकोण प्रत्येक एच.आर. खात्याच्या भिंतीवर असतो, आमच्याही होता. १९४३ सालच्या त्याच्या मूळ लेखात तो त्रिकोण नाहीच, तो नंतरच्यांनी काढला. आणि आमच्या हेल्परला घरभाडं थकलेलं असतानाही दुसऱ्या कोणाच्या पोराच्या बारशाला आहेर करायचा असतो, त्यामुळे पोट आधी आणि मान नंतर हा क्रम मला कधी पटला नाही.

हर्झबर्ग मात्र पटला, आणि तो पटला पंख्यामुळे. एप्रिलमध्ये प्रेस शॉपचा पत्रा तापतो, आत उभं राहवत नाही. मी शेठच्या मागे लागून चार मोठे पंखे आणि एक वॉटर कूलर बसवून घेतला. मनात म्हटलं, आता बघा आकडा. आठ दिवस लोक खूश, नवव्या दिवशी पंख्याचं कोणाला काही नाही. आकडा आठशे. पुढे मे महिन्यात एक पंखा जळाला आणि दुरुस्तीला चार दिवस लागले, तेव्हा जे रामायण झालं ते विचारू नका. हर्झबर्गनं पिट्सबर्गच्या आसपासचे दोनेकशे इंजिनिअर आणि अकाउंटंट गाठून विचारलं होतं : कामावर सगळ्यात छान कधी वाटलं, सगळ्यात वाईट कधी? १९५९ साली पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं, वाईट वाटायला लावणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि छान वाटायला लावणाऱ्या वेगळ्या. पगार, पंखा, साहेबाचं तोंड या पहिल्या खात्यातल्या. नसल्या तर ओरड, असल्या तर शांतता. आमच्याकडचा बोनसही तसाच. कायद्यानं किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. तो दिला म्हणून दिवाळीनंतर कोणी जास्त पीस काढत नाही. दिवाळीआधी चार दिवस उशीर करून बघा फक्त.

मग मी ती चूक केली जी माझ्या वर्गातल्या प्रत्येकानं केली असणार : ‘महिन्याचा उत्कृष्ट कामगार’. नोटीस बोर्डाशेजारी फ्रेम, त्यात फोटो, आणि बक्षीस म्हणून प्रेशर कुकर. पहिल्या महिन्यात सेकंड शिफ्टच्या एका मुलाला दिला. हजेरी चोख, रिजेक्शन कमी. टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी फ्रेम भिंतीकडे तोंड करून टांगलेली. सरळ केली, संध्याकाळी पुन्हा उलटी. तिसऱ्या दिवशी तो मुलगाच माझ्याकडे आला, “मॅडम, तो फोटो काढा ना. कोणी माझ्यासोबत डबा खाईना.” कुकर त्यानं परत आणला नव्हता, पण परत करायची तयारी असल्यासारखा उभा होता.

त्या रात्री ॲडम्सचा समन्यायाचा सिद्धान्त मी पहिल्यांदा परीक्षेसाठी नाही, स्वतःसाठी वाचला. १९६३ चा लेख आहे. त्यात म्हटलंय की माणूस नुसता स्वतःचा पगार बघत नाही. मी किती घातलं आणि मला किती मिळालं याचं गुणोत्तर काढतो आणि ते शेजारच्याच्या गुणोत्तराशी ताडून बघतो. मग आम्ही नेमकं काय केलं होतं? सहा जण मोजून मापून एकसारखे पीस काढत होते, आणि त्यातल्या एकाला आम्ही कुकर दिला. बाकी पाच जणांच्या हिशेबात तो चोरीचा माल होता.

हा हिशेब आमच्या गावात जास्तच तिखट आहे. नाशिकमध्ये प्रत्येकाच्या घरात, निदान चाळीत किंवा भावकीत, मोठ्या कंपनीत परमनंट असलेलं कोणीतरी असतंच. मिको सर्कलवरून जाताना नवीन पोरंही मिको म्हणतात, त्या कंपनीला बॉशचं नाव लागून इतकी वर्षं झाली तरी. मोठ्या कंपनीत वेतनवाढीचा करार झाला की पेपरात कमिटी मेंबरांचा हारतुऱ्यांसकट फोटो येतो आणि दुसऱ्या दिवशी आमच्या कॅन्टीनमध्ये तो पेपर पोह्यांच्या बशीखाली उघडा पडलेला असतो. तोच पत्रा, तीच प्रेस, तोच ब्रॅकेट शेवटी त्यांच्याच गाडीला लागतो. पगारात तिपटीचा फरक. यावर कोणताच सिद्धान्त मला काही देऊ शकला नाही. मीही मध्ये पडले नाही.

फोटो प्रकरणानंतर मी जरा गप्प बसले. पण शेठला इन्सेंटिव्ह हवा होता, आणि त्यांनी २०१५ मध्ये तो दुसऱ्याच लाईनवर सुरू केला. क्लिपच्या. तिथं कंत्राटी मुलं, बहुतेक पेठ-सुरगाण्याकडची, आयटीआय करून नुकतीच आलेली, चौघं मिळून पाथर्डी फाट्याला एका खोलीत राहणारी. जितके जास्त पीस तितके पैसे, ज्याचे त्याला. आकडा असा उडाला की शेठ पेढे वाटायच्या बेतात. मला मात्र एक गोष्ट खटकली. सायकल टाइम, म्हणजे एका पीसला लागणारा वेळ, आमच्या हिशेबापेक्षाही खाली गेला होता, आणि तो तसा जाऊच शकत नव्हता. पॉवर प्रेसला दोन बटणं कशासाठी असतात? दोन्ही हात बटणावर असतील तरच रॅम, म्हणजे वरून दाबणारा भाग, खाली यावा, म्हणजे बोटं डायच्या बाहेर राहतात. रात्री साडेनऊला शॉपवर गेले. तीनपैकी दोन मशीनवर डावं बटण चिकटपट्टीनं दाबून बसवलेलं. एक हात बटणावर, दुसरा हात डायमध्ये.

कोणाचं बोट गेलं नाही. हे वाक्य लिहितानाही हाताला घाम येतो. स्कीम त्याच रात्री बंद केली. मुलांना ओरडले नाही, त्यांच्याकडे बघून ओरडवलं नाही. त्यातल्या एकानं खाली बघत सांगितलं, “घरी पैसे पाठवायचेत ना मॅडम, कांदा गेला यंदा.”

माझा भाऊ दिंडोरी तालुक्यात द्राक्ष करतो. हे सगळं त्याला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, “तायडे, हे शिकायला पुस्तक लागतं होय? उक्तं आणि रोज.” ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला तो टोळीला एकरावर उक्तं देतो, म्हणजे दिवसाची मजुरी नाही, अख्ख्या कामाचे ठरीव पैसे. टोळी पहाटे बागेत शिरते, जेवायला अर्धा तास, काम फटाफट उरकतं. छाटणी नीट झाली की नाही हे तो ओळीतून चालत गेला की दिसतं. पण छाटल्यावर काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतात त्या जागांना, पेस्ट लावायची असते, एकेका डोळ्याला. ती उक्ती दिली तर चार डोळे सुटतात, आणि सुटलेले कळतात पंधरा दिवसांनी, बाग अर्धी फुटली की. म्हणून पेस्ट रोजावर, आणि त्यातही ओळखीच्या बायका. जिथं चूक लगेच दिसते तिथं उक्तं, जिथं उशिरा दिसते तिथं रोज. पैसे आणि काम यांच्या नात्यावर मी जेवढं वाचलंय त्यात इतकं नेटकं फारसं कोणी बोललेलं नाही. डेसी नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये कॉलेजच्या मुलांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती. ज्यांना एकेका कोड्याचा डॉलर दिला, त्यांचं पैसे थांबल्यावर कोड्यातलं मन उडालं. प्रयोग छानच आहे, पण ब्रॅकेटला पीळ देणं हे कोडं नाही. तिथं उडायला मन आधी लागलेलं असावं लागतं.

आठशेचं उत्तर मला शेवटी मिळालं ते त्रिमूर्ती चौकातल्या टपरीवर, कटिंग पिताना. आमचे सेटर, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, वीस वर्षं या शॉपमध्ये. डाय बसवणं त्यांच्या हातात, आणि माझ्या मते बरंच काही त्यांच्या हातात. मी सरळ विचारलं, “अण्णा, आठशेच का?”

ते बराच वेळ कप हलवत राहिले. मग म्हणाले, “ताई, तुमच्या आधीची गोष्ट आहे. २००६. तेव्हा सातशेच्या वर पीसमागं वीस पैसे होते. पोरं पेटली. हजार चाळीसपर्यंत नेलं. तीन महिने चांगले पैसे घेतले. चौथ्या महिन्यात ऑफिसातून कागद आला, टारगेट नऊशे, वर बारा पैसे. आम्ही म्हटलं, बरं. पुढच्या महिन्यात सगळे आठशेवर आले. ऑफिसनं स्कीम गुंडाळली. आठशे राहिले.”

त्या सहा ऑपरेटरांपैकी २००६ मध्ये कामावर होते दोघंच. बाकी चौघांनी तो कागद बघितलाही नव्हता. पण नवीन माणूस लाईनवर आला की पहिल्या दिवशी त्याला डाय, गार्ड, संडास कुठे आणि आठशे, एवढं सांगितलं जायचं.

घरी येऊन पुस्तकातलं हॉथॉर्नचं प्रकरण पुन्हा काढलं. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यातले ते प्रयोग, १९२४ ते १९३२. परीक्षेला आम्ही लिहायचो ती दिव्यांची गोष्ट : उजेड वाढवला तरी उत्पादन वाढलं, कमी केला तरी वाढलं, कारण कोणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय. २०११ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी मूळ आकडे पुन्हा तपासले तेव्हा ती गोष्ट बरीच फिकी पडली. पण त्याच कारखान्यातली दुसरी खोली आमच्या पुस्तकात चार ओळींत आटपली होती. बँक वायरिंगची खोली, १९३१-३२, चौदा पुरुष, टेलिफोन एक्स्चेंजच्या तारा जोडणारे. गटाच्या उत्पादनावर जास्त पैसे मिळत होते, तरी त्यांनी आपापसात दिवसाचा एक वाजवी आकडा ठरवला होता आणि त्याच्या वर कोणी जायचं नाही. जो जाईल त्याच्या दंडावर मूठ बसायची. जास्त केलं तर दर कापतील नाहीतर माणसं कमी करतील, अशी धास्ती. आणि एखाद्या दिवशी काम जास्त झालंच तर ते दाखवायचं नाही, मंदावलेल्या दिवशी भरून काढायचं. हे वाचताना मला आमच्या दुसऱ्या नंबरच्या प्रेसशेजारचं बाकडं आठवलं. त्याखाली एक बिन कायम असायचा, वर गोणपाट टाकलेलं. मी त्याला स्क्रॅप समजत होते.

घड्याळ लावून कामगाराचं काम मोजणाऱ्या ज्या टेलरला आपण स्टॉपवॉचचा राक्षस म्हणतो त्यालाही हे माहीत होतं. बेथलेहेम स्टीलमध्ये त्यानं ‘श्मिट’ नावानं गाजवलेल्या मजुराकडून दिवसाला साडेबारा टनांऐवजी साडेसत्तेचाळीस टन लोखंड उचलून घेतलं आणि मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ केली, म्हणजे कामाच्या मानानं फारच थोडी. पण ही गोष्ट ज्यात आहे त्याच १९११ च्या पुस्तकात त्यानं लिहिलंय की माणूस जास्त काम करतो आणि मालक दर कापतो, असं दोन-तीनदा झालं की त्या माणसाच्या डोक्यात मालकाची बाजू कायमची पुसली जाते. माझ्या पुस्तकात टेलरवर सहा पानं होती, हे वाक्य नव्हतं.

व्रूमचं सूत्र मला तेव्हा नीट कळलं. १९६४ चं आहे. तीन प्रश्न : मला हे जमेल का, जमलं तर खरंच मिळेल का, आणि मिळालं तर मला त्याचं मोल आहे का? उत्तरांची बेरीज नाही, गुणाकार. आमच्या लाईनवर जमण्याचा प्रश्न नव्हता, हजार चाळीस त्यांनी काढून दाखवले होते. पैशाचं मोल तर होतंच. मधल्या प्रश्नाचं उत्तर शून्य होतं, आणि ते शून्य आम्ही दहा वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं टाइप करून नोटीस बोर्डावर लावलं होतं. क्लिपच्या लाईनवरची पोरं जीव धोक्यात घालून धावली, कारण त्यांना तो कागद कोणी सांगितला नव्हता.

शेठना हे सांगायला मला पंधरा दिवस लागले. ते वाईट माणूस नाहीत. २००६ मध्ये गिऱ्हाइकानं दर खाली ओढला होता, त्यांनी तोच पुढे ढकलला. मी जुनी फाईल काढली, तो कागद त्यांच्यासमोर ठेवला. ते म्हणाले, “याला कोण लक्षात ठेवतं?”

२०१६ च्या जूनमध्ये आम्ही नवी स्कीम केली. कल्पना अर्धी माझी, अर्धी अहमदाबादची. तिथल्या कॅलिको मिलमध्ये १९५३ साली राइस नावाच्या इंग्रज संशोधकानं मागांचा एक जथा एकेका गटाच्या हवाली केला होता. कोणी काय करायचं ते गटानंच बघायचं. कापड वाढलं आणि खराबीही कमी झाली. आम्ही ब्रॅकेटची लाईन सेटर, हेल्पर, इन्स्पेक्टर सगळ्यांसकट एक धरली. आठशेच्या वर जे होईल ते रिजेक्शन वजा करून सगळ्यांत सारखं. बटण चिकटवलेलं दिसलं तर महिन्याचं सगळ्यांचं बंद, ही अट अण्णांनी घातली. आणि एक ओळ : डाय, मशीन किंवा डिझाइन बदललं नाही तर तीन वर्षं दर बदलणार नाही. खाली शेठची सही. कागद लॅमिनेट करून जिथं तो फोटो असायचा तिथं लावला.

सहा आठवडे ८००, ८०१, ७९९. शेठ माझ्याकडे बघायचे, मी फाईलमध्ये बघायची. सातव्या आठवड्यात एके दिवशी ८१६. पैसे महिन्याच्या पगारात आले, पावतीवर वेगळ्या ओळीत. लोकांनी ती ओळ मोबाईलवर फोटो काढून ठेवली. गणपतीत ८४०, दिवाळीआधी ८७०. २०१७ च्या संक्रांतीला नऊशे. आणि मग नऊशे. ९०१, ८९९, ९००. तीन वर्षांनी मुदत संपली, शेठनं त्याच दरानं पुन्हा सही केली, तरी नऊशे.

मागच्या महिन्यात लाईनवर नवीन मुलगा आला, वीस वर्षांचा, हाताला चपळ. चौथ्याच दिवशी त्यानं एकट्यानं ९४० काढले. हे मला दुपारी काचेतून दिसत होतं, मीटरवरचा स्ट्रोक काउंट बघत होते. शिफ्ट सुटायच्या आधी अण्णा त्याच्या मशीनपाशी गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलले. मुलगा हसला.

सकाळी रिपोर्ट आला, त्याच्या नावापुढे ९०२. मी खाली शॉपवर गेले. दुसऱ्या नंबरच्या प्रेसशेजारी बाकडं, बाकड्याखाली बिन, बिनवर गोणपाट. अण्णा डायचे बोल्ट आवळत होते, त्यांनी मान वर केली नाही.

“पोरगं नवीन आहे ताई,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “हो, दिसतंय,” आणि वर येऊन रिपोर्टवर सही केली.